ओस पडलेल्या गावाचा चित्रपट

हिंदी भयपटांचा जो संसार पुढे वीस-पंचवीस वर्षे नांदला, त्याची कोनशिला सातारा जिल्ह्यात बसली, ही गोष्ट खुद्द सातारकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. एफ. यू. रामसे हे मूळचे कराचीचे रेडिओचे व्यापारी. फाळणीनंतर ते मुंबईस आले, चित्रपटांच्या धंद्यात शिरले आणि १९७० साली पृथ्वीराज कपूर यांना घेऊन काढलेल्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या चित्रपटात त्यांना चांगलीच खोट बसली. परंतु त्या अयशस्वी चित्रपटातील एका प्रसंगी, भेसूर मुखवटा चढवून पृथ्वीराज चोरीस निघतात तेव्हा, प्रेक्षक भयाने थरारतात असे त्यांच्या मुलांच्या ध्यानात आले. आणि सात भावांनी असा निश्चय केला की, यापुढे केवळ भयाचाच चित्रपट काढावयाचा. एकाने कथा पाहावयाची, एकाने कॅमेरा, एकाने ध्वनी, एकाने संकलन आणि तुलसी व श्याम या दोघांनी दिग्दर्शन, अशी कामांची घरातल्या घरात वाटणी झाली. बायकामुले, नट आणि सामान यांसह सारा कबिला महाबळेश्वरास आला, सरकारी विश्रामगृहात मुक्काम पडला, नटांनी स्वतःचेच कपडे वापरले, आणि सुमारे ४० दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात, ‘दो गज ज़मीन के नीचे’ हा १९७२ चा चित्रपट पुरा झाला, असे त्या बंधूंनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे.

महाबळेश्वराने त्यांना काय दिले, हे ज्याने तेथील पावसाळा पाहिला आहे त्याला सांगावयास नको. भर दुपारी दहा हातांवरचा मनुष्य दिसेनासा करणारे धुके, इंग्रजी अमदानीतील एकाकी बंगले, शेवाळलेली स्मशाने, आणि वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पावसात भिजून काळे पडलेले जांभा दगडाचे बांध: एवढी सामग्री निसर्गाने विनामूल्य मांडून ठेवलेली असता भपकेदार नेपथ्याची गरज ती काय! पत्नीच्या कारस्थानास बळी पडून पुरला गेलेला एक गृहस्थ सूड घ्यावयास परत येतो, एवढ्याच कथेवर तो चित्रपट चालला. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) आणि ज्यात रक्तपिपासू नेवला वटवाघळाच्या रूपाने वावरतो तो ‘बंद दरवाज़ा’ (१९९०), अशी या घराण्याची परंपरा जत्रांतील तंबूंपर्यंत पोहोचली. आमच्या भागातील यात्रांतून टूरिंग टॉकीजच्या पडद्यावर हे चित्रपट पाहिलेली एक सबंध पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. तिला त्या राक्षसांची नावे अजून तोंडपाठ आहेत. त्या बंधूंचे श्रम, त्यांची काटकसर आणि प्रेक्षकांविषयीची त्यांची निष्ठा यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तथापि हे सारे मान्य करूनही एक गोष्ट मला सातत्याने जाणवत आली आहे. रामसे बंधूंनी या जिल्ह्याचे धुके घेतले. या जिल्ह्याची स्मृती घेतली नाही. आणि ज्या जातीच्या भयपटाला पाश्चात्त्य देशांत गेल्या साठ वर्षांत अफाट लोकप्रियता लाभली, म्हणजे जग बुडाले आहे, माणसे मेली आहेत, मेलेली रक्ताच्या तहानेने रात्री परत येत आहेत आणि एखाद-दुसरा जिवंत मनुष्य दाराला अडसर घालून आत बसला आहे, अशा जातीच्या भयपटाला लागणारी खरी स्मृती जर या देशात कोठे साठलेली असेल, तर ती सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आहे.

या जातीचा मूळ चित्रपट म्हणजे १९६४ चा ‘द लास्ट मॅन ऑन अर्थ’. रिचर्ड मॅथिसन या अमेरिकन लेखकाच्या १९५४ च्या कादंबरीवरून तो घेतला. चित्रण झाले रोम शहरात. नायकाचे काम केले व्हिन्सेंट प्राइस या नटाने. याच कादंबरीवरून पुढे १९७१ व २००७ साली आणखी दोन मोठे चित्रपट निघाले, आणि १९६८ साली जॉर्ज रोमेरो याने चालत्या प्रेतांचा जो चित्रपट काढला त्याचीही प्रेरणा हीच. परंतु या सर्वांत १९६४ चा कृष्णधवल, अल्पखर्ची चित्रपट मला श्रेष्ठ वाटतो, आणि त्याचे कारण त्यातील रक्तपात नव्हे. त्यात एक शास्त्रज्ञ आहे. वाऱ्यावरून आलेल्या साथीने त्याचे शहर मरते. सरकारचा हुकूम असा की, मृतदेह पुरावयाचे नाहीत. लष्कराची गाडी येईल, ती प्रेते नेऊन शहराबाहेरच्या जळत्या खाईत टाकील. त्याची लहान मुलगी आजारी पडते, तो घरी नसताना गाडी येते आणि मुलीला घेऊन जाते. बाप धावत त्या खाईपर्यंत पोहोचतो, तो शिपाई त्याला अडवतात. पुढे पत्नी जाते. या वेळी तो कोणासही कळू देत नाही. रात्री गुपचूप तिला नेऊन स्वतःच्या हाताने मातीत पुरतो. आणि त्याच रात्री दाराशी कोणी तरी त्याचे नाव हळूच उच्चारते.

हा प्रसंग पाहताना मराठी मनुष्याने सन १८९७ आठवू नये, हे मला अशक्य वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ज्या ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले, तो आगगाडीच्या आणि बैलगाडीच्या वाटेने घाट चढून देशावर आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याने अंमलदारांस घरांत शिरण्याचा, रोग्यास उचलून नेण्याचा, सामान जाळण्याचा आणि वस्ती खाली करविण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात ज्याने हा अधिकार चालविला आणि ज्याच्यावर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी गोळ्या झाडल्या, तो रँड पुण्यास येण्यापूर्वी सातारा जिल्ह्यातच अंमलदार होता आणि वाईच्या वाद्यप्रकरणी तेथील प्रतिष्ठितांना तुरुंगात धाडल्यामुळे या मुलखात त्याचे नाव आधीच कडवट झाले होते. लोक काय करीत? ज्याला गाठ आली त्याला कोठीत, माळ्यावर, गवताच्या गंजीआड लपवीत. कारण कारंटीनमध्ये गेलेला मनुष्य परत येत नाही अशी सर्वत्र समजूत होती. मेलेल्याचे मरण लपवीत, रात्री अंधारात उरकून घेत. मॅथिसनच्या नायकाने जे केले ते आमच्या पणज्या-पणजोबांनी शेकडो घरांतून केले आहे. फरक इतकाच की, त्यांच्या कथेत पुरलेली पत्नी परत आली आणि आमच्या कथेत रोग परत आला: पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा, आणि असा कितीतरी वर्षे.

त्या काळी आजचा सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. म्हणून त्या काळचा सातारा म्हणजे आजचे हे दोन्ही जिल्हे बऱ्याच अंशी एकत्र होते असे धरावे. त्या जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे १२ लाख २५ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ११ लाख ४६ हजार भरली. दहा वर्षांत माणसे वाढावयाची ती ऐंशी हजारांनी घटली. दुष्काळ आणि प्लेग या दोघांनी मिळून हे केले. उंदीर पडू लागले की गाव समजून चुकत असे. भांडी, दाणे, जनावरे घेऊन सबंध गाव माळावर किंवा आपापल्या रानात झोपड्या घालून राहावयास जाई, आणि मागे उरत ती उघडी दारे, विझलेल्या चुली, पुजाऱ्यावाचूनची देवळे. महिनोन्महिने ओस पडलेल्या त्या गावाकडे रात्री झोपडीतून पाहणाऱ्या मुलाला तेथे कोण हिंडत आहे असे वाटत असेल, याची कल्पना करण्यास प्रतिभा लागत नाही. केवळ सहानुभूती लागते. जुनी माणसे आपले वय सांगताना ‘प्लेगच्या सालचा’ असे म्हणत, आणि एवढ्यावर विषय थांबवीत.

एका स्त्रीची कथा मात्र थांबलेली नाही. खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पुण्याजवळ, दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या प्लेगच्या दवाखान्यात शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला कोणी हात लावावयास तयार नव्हते. त्याला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. जगबुडीच्या या चित्रपटांत शेवटचा मनुष्य नेहमी दार लावून आत बसलेला असतो, आणि त्याचे दार लावणे हेच शौर्य मानले जाते. सावित्रीबाई ज्या वाटेने चालल्या ती वाट त्या चित्रपटांतून मला कोठेच दिसली नाही. आणि मराठी मनुष्याने असा चित्रपट काढावा असे मी म्हणतो ते प्रामुख्याने याचसाठी, की आपल्याकडे भयाइतकीच निर्भयतेचीही अस्सल साक्ष आहे.

रक्ताविषयीही तेच. १९६४ च्या चित्रपटातील नायकाच्या रक्तात रोगाला मारण्याची शक्ती असते आणि अखेर तो एका बाधित स्त्रीला आपले रक्त देऊन बरी करतो. घेणारे रक्त आणि देणारे रक्त यांचा हा विरोध त्या कथेचा गाभा आहे. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि लोकांना टोचण्यास ते त्यानंतर निघाले. पुढील वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत हे दाखवून दिले की, उंदरांवरील पिसू रक्त पिते आणि रक्ताबरोबर रोग नेते. रामसे ज्या शहरातून आले त्याच शहरात खरा रक्तपिपासू सापडला होता, आणि तो नखाएवढाही नव्हता. म्युर्नाउ या जर्मन दिग्दर्शकाने १९२२ च्या ‘नोस्फेराटू’मध्ये रक्तपिपासू सरदाराबरोबर जहाजातून उंदीर आणि प्लेग आणले, तेव्हा ही जोडी युरोपच्या मनात पक्की झाली. क्षयाविषयीही असेच घडले: अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमध्ये १८९२ साली क्षयाने गेलेल्या एका तरुणीचे प्रेत, ती घरच्यांचे रक्त शोषीत असावी या भ्रमाने, उकरून काढण्यात आले होते. राजयक्ष्म्याचे रोगी ज्या हवेसाठी पाचगणीस येत, आणि जेथे १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी बेल-एअरचे आरोग्यधाम उभारले, किंवा ज्या वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयाने सांगली-मिरजेच्या मधली जागा प्रसिद्धीस आणली, त्या दोन्ही ठिकाणी दिवसेंदिवस पांढरी पडत जाणारी माणसे लोकांनी पाहिली आहेत.

आता सांगलीकडे वळू. मराठी रंगभूमीचा जन्म सांगलीत झाला हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. पण त्या जन्माच्या वेळी भयाचाही जन्म झाला, इकडे लक्ष गेलेले नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना तसे पण अधिक सुसंस्कृत नाटक रचण्याची आज्ञा केली, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ झाले. त्या नाटकांत सूत्रधार, विदूषक आणि देव यांच्याइतकेच महत्त्व राक्षसपार्टीला होते. तोंडाला रंग फासलेला, जटा मोकळ्या सोडलेला राक्षस नंगी तलवार परजीत, ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकीत मशालींच्या उजेडात उडी घेई, त्याच क्षणी मशालीवर राळ उडे आणि ज्वाळेचा लोळ उठे. पुढच्या रांगांतील मुले आईला बिलगत. पुढे संगीत नाटक आले, हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी माणसांची सुखदुःखे रंगभूमीवर आणली, आणि सुशिक्षितांनी ‘अललडुर्र’ हा हेटाळणीचा शब्द केला. माझे मत असे की, तो राक्षस मेला नाही; तो तंबूतल्या पडद्यावर गेला. ‘पुराना मंदिर’मधला सामरी हा त्याचाच वारस होय: तो बाहेरून येतो, आरोळी ठोकतो, त्याचे रूपच त्याची ओळख पटविते आणि देवतेच्या शस्त्रापुढे तो पडतो.

जगबुडीच्या कथेतील रक्तपिपासूचे भय याच्या अगदी उलट आहे. तो आरोळी ठोकीत नाही. तो आपल्या ओळखीचा असतो, आपले नाव घेतो, आपल्याच अंगणात उभा राहतो. ज्याच्याबरोबर काल जेवलो त्याला आज घरात घ्यावयाचे की नाही, हा प्रश्न तो विचारतो. आणि हा प्रश्न आमच्या गावांनी खरोखर सोडवून पाहिला आहे. मरीआईचा गाडा हे त्याचे उदाहरण. साथ आली की गाव गाडा सजवी, हिरवे लुगडे, बांगड्या, नैवेद्य त्यात ठेवी, वाजतगाजत तो शिवेपर्यंत नेई आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून परते. शेजारचे गाव काय करी? ते तो गाडा पुढच्या शिवेवर ढकली. असा तो गाडा गावागावांतून मरण वाटीत फिरे, आणि प्रत्येक गावात दुसऱ्या गावच्या सोयरिकी असत, लेकी दिलेल्या असत. ज्या शिवेवर वेताळाचा शेंदरी दगड रक्षक म्हणून उभा, त्याच शिवेवरून बाप आपल्या लेकीच्या सासरच्या गावात रोग लोटीत आहे, यापेक्षा भयंकर प्रसंग कोणत्या परदेशी पटकथेत आहे? आणि हा गाडा पुढे ढकलण्याऐवजी आपल्याच हद्दीत ठेवून घेऊ म्हणणारा एखादा पाटील किंवा एखादी विधवा त्या कथेत कोणी उभी केली, तर तिच्यात नायगावची ती कन्या आपोआप दिसू लागेल.

हे सर्व दूरचे आहे असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो १८९७ चाच होता. त्या उन्हाळ्यात बाभळीच्या फांद्या टाकून गावांच्या वेशी बंद झाल्या. मुंबईहून माण-खटावची, आणि देशभर सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारी विट्या-आटपाडीकडची कुटुंबे आपल्या गावी परतली, तेव्हा त्यांना प्रथम शाळेच्या खोलीत उतरावे लागले. भाऊ भावाला दुरूनच डबा ठेवून जात होता. त्या काळाने कोणाला क्रूर केले आणि कोणाला थोर केले, हे गावोगाव ठाऊक आहे. ते बोलले मात्र जात नाही.

मराठी चित्रपटाने या दिशेने पावले टाकली नाहीत असे नाही. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) उसाच्या फडातून वाट न सापडणे हे केवढे भय आहे ते दाखविले आणि त्या भयाच्या मुळाशी मारून टाकलेल्या मुली आहेत हेही निर्धाराने सांगितले. कृष्णाकाठच्या प्रेक्षकाला तो फड परका वाटणार नाही. सरपोतदार घराण्यातील आदित्य सरपोतदार यांनी ‘झोंबिवली’त (२०२२) दूषित पाण्यातून पसरणारी साथ डोंबिवलीच्या इमारती आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये आणून उभी केली, हे धाडसाचे काम होते, आणि २०२५ च्या दिवाळीत त्यांनीच हिंदीतील ‘थामा’त बेताळांना रक्तपिपासू करून पडद्यावर आणले. तथापि त्यांचा सूर विनोदाकडे झुकतो. प्लेगच्या विषयाला तो सूर पेलणार नाही. येथे गंभीर वृत्तीचा, सावकाश चालणारा, माणसांच्या चेहऱ्यांवर थांबणारा चित्रपट हवा.

स्थळांची तर ददातच नाही. वाई, मेणवली आणि आसपासची गावे हे गेली तीस वर्षे हिंदी चित्रपटांचे मोठे चित्रणस्थळ आहे. ‘मृत्युदंड’, ‘गंगाजल’, ‘स्वदेस’, ‘दबंग’ यांत कृष्णेचे घाट आणि येथले वाडे कधी बिहार झाले, कधी उत्तर प्रदेश. कामगार, गाड्या, जेवणखाण, परवानग्या यांचा सारा बंदोबस्त येथील लोकांच्या हातचा आहे. या मुलखाने इतरांच्या कथांना इतकी वर्षे घर दिले. त्याने एकदा सातारा म्हणूनच पडद्यावर यावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. खर्चाची सबब मला पटत नाही, कारण अल्प पैशांत केवळ जागेच्या बळावर भय उभे करता येते हे १९७२ साली महाबळेश्वरातच सिद्ध झाले.

कथानकासाठी कादंबऱ्या चाळण्याचीही गरज नाही. गावोगावच्या कोतवाल-बुकांत, म्हणजे गाव नमुना चौदामध्ये, जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. त्यांत नाव आहे, बापाचे नाव आहे, जात आहे आणि मरणाचे कारणही आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून तालुका कचेऱ्यांतील ही मोडी दप्तरे पुन्हा उघडली गेली, कित्येक पाने तपासून झाली, आणि ज्यांनी ती वाचली त्यांचे डोळे साहजिकच जातीच्या रकान्यावर होते. त्याच ओळीत, दोन बोटे पुढे, दुसरा रकाना आहे. ज्या कोणा तरुणाला हा चित्रपट काढावयाचा असेल त्याने रीतसर अर्ज करावा, मोडी जाणणारा मनुष्य बरोबर न्यावा आणि १८९७ पासून १९०५ पर्यंतची पाने मागावीत.